एका तोळ्याची गोळी

एखाद्या विषयावर ठाम मत असायला त्या विषयाशी आधी काही संबंध असावा लागतो, असा गैरसमज पुण्याबाहेर बराच पसरलेला आहे. कोथरूडच्या एका बागेत संध्याकाळी भरणाऱ्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तो टिकत नाही. पोहता न येणारे लोक तिथे इंग्लिश खाडीतल्या प्रवाहांबद्दल बोलतात, आणि जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेले गृहस्थ भूकंप सोसणारा पाया किती खोल हवा ते हाताने दाखवतात. तेव्हा हरणाच्या शिकारीला कायद्याने कोणती रायफल आणि कोणतं काडतूस चालतं, हा प्रश्न या कट्ट्यावर अख्खा पावसाळा गाजला, यात नवल नाही. कट्ट्यावरच्या एकानेही हरीण मारलेलं नव्हतं. एका सभासदाने तरुणपणी मोटारसायकलवरून जाताना एका मोराला दचकवलं होतं, म्हणून वन्यजीव या विषयावर पहिला बोलण्याचा मान त्यांचा.

या प्रकरणाचे नायक म्हणजे प्रस्तुत लेखकाचे मामा. मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. फॅक्टरी १८६९ सालची. ब्रिटिशांच्या काळापासून तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही दोन अक्षरं उमटत आली, म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’. आणि हे मामा पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. प्रत्यक्षात त्यांची सगळी नोकरी रजा आणि भत्त्यांच्या टेबलावर गेली. दारूशी त्यांचा थेट संबंध येतो तो दिवाळीत, आणि तेव्हाही लवंगीच्या माळेची वात पेटवायला ते मामींना पुढे करतात. पण इतकी वर्षं त्या फाटकातून आत जाऊन सुखरूप बाहेर आलेल्या माणसाला काडतुसातलं काही कळत नाही, असं म्हणायची हिंमत कट्ट्यावर कोण करणार?

ठिणगी पडली न्यू जर्सीत. एडिसनजवळ राहणारा लेखकाचा मावसभाऊ फोनवर सांगत होता, की परसात हरणं येतात. मामींना लगेच कण्वमुनींचा आश्रम दिसू लागला.

“किती छान रे!”

“मामी, भेंडी आणि गुलाब संपवले त्यांनी. काल तुळसही खाल्ली.”

मग मामींच्या आश्रमाचं दार लागलं. मावसभाऊ पुढे म्हणाला, की ऑफिसातला एक जण शिकारीच्या हंगामात बरोबर चल म्हणतोय, जाऊ का? प्रश्न एवढाच होता. मामांनी ऐकला तो असा: रायफल कोणती घेऊ?

“तू काही घेऊ नकोस,” मामा म्हणाले. “मी बघतो.”

मामांचं ‘मी बघतो’ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मागे मिक्सर घ्यायचा होता तेव्हाही ते ‘मी बघतो’ म्हणाले होते. वॅट, फेरे, पात्याचं पोलाद, तांब्याची वायंडिंग की ॲल्युमिनियमची, अशी फाईल तयार झाली. ती पूर्ण होईपर्यंत मामी पाट्यावर वाटत होत्या. शेवटी त्यांनीच भाजी आणायला म्हणून जाऊन मिक्सर आणला. फाईल आजही घरात आहे, आणि ती पुढे या कथेत येणार आहे.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘मृगया: कायदा व काडतूस’. आणि पहिल्याच रकान्याला मामांचा पारा चढला. गोळीचा व्यास इंचात मोजायचा आणि काडतुसाला तेच नाव द्यायचं, इतका सरळ व्यवहार त्यांनी गृहीत धरला होता. पण .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास निघाला .२७७ इंच. थ्री नॉट थ्रीची गोळी .३११ च्या आसपास. थर्टी-ऑट-सिक्समधला सहा म्हणजे १९०६ हे साल. थर्टी-थर्टीतला दुसरा तीस म्हणजे मुळात त्यात भरायच्या दारूचं वजन. एका नावात व्यास आणि जन्मसाल, दुसऱ्यात व्यास आणि खुराक.

“उद्या गोत्र आणि रक्तगटही घालतील,” मामा म्हणाले.

बारा बोअरने तर त्यांची झोप उडवली. एक पाउंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. भत्त्यांच्या टेबलावर उमेद घालवलेल्या माणसाला हे अनैतिक वाटलं.

वजन मात्र ग्रेनमध्ये निघालं, आणि तिथे मामांना घबाड सापडलं. सात हजार ग्रेनचा पाउंड. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा प्रमाणित केला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि थर्टी-ऑट-सिक्सला लागणाऱ्या गोळीचं एक नेहमीचं वजन? १८० ग्रेन. मामा वही घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले.

“अगं, गोळी बरोबर एक तोळ्याची असते!”

“हरणाला एक तोळा?” मामींनी लाटणं थांबवलं. “आणि मला पंचविसाव्या वाढदिवसाला पाव तोळ्याच्या कुड्या.”

“शिशाची असते गं ती. वर तांब्याचं वेष्टन.”

“मग तोळे कशाला मोजता? आणि हल्ली तोळा दहा ग्रॅमचा असतो. विचारा लक्ष्मी रोडला.”

मामांनी खरंच जाऊन विचारलं. सराफाने सौजन्याने सांगितलं, की जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात आता दहाच धरतात. शिकारीची गोळी कोणत्या तोळ्याने मोजावी हे सांगायची वेळ त्याच्या पेढीवर पूर्वी आली नव्हती. त्याने घडणावळ नाही एवढंच नक्की सांगितलं.

आता कायदा. मामांनी सुरुवात इंग्लंडपासून केली, कारण त्यांच्या मते नियम करायची हौस तिथूनच जगभर गेली. तिथे १९९१ चा हरणांचा कायदा आहे. रायफलचा व्यास .२४० इंचापेक्षा कमी नको आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा १,७०० फूट-पाउंडांपेक्षा कमी नको. मात्र मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा तिकडे जाऊन स्थायिक झालेला चिनी चुलतभाऊ, एवढासा असतो; त्याला .२२० इंच, ५० ग्रेन आणि १,००० फूट-पाउंड पुरतात. स्कॉटलंडने १९८५ च्या आदेशात गोळीचा वेगही घातला: सेकंदाला किमान २,४५० फूट. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणाला १,००० ज्यूल, आणि त्याहून मोठ्या खुरवाल्यांना किमान साडेसहा मिलिमीटर व्यास आणि २,००० ज्यूल. पण हे ज्यूल गोळी शंभर मीटर गेल्यावर शिल्लक असले पाहिजेत. इंग्रज नळीच्या तोंडाशी मोजून निर्धास्त होतो, जर्मन तिच्यामागे शंभर मीटर जातो. राष्ट्रांच्या स्वभावावर मामांनी इथे दीड पान लिहिलं आहे.

या सगळ्या आकड्यांमागे कारण एकच: हरीण जागीच पडावं, जखमी होऊन झाडीत जाऊन दोन दिवस तडफडू नये. पॉइंट टू-टूची चाळीस ग्रेनची गोळी कागदी चकती सुरेख फोडते, पण तिची ऊर्जा जेमतेम शंभर फूट-पाउंड. तिने हरीण मारू नये असं जवळपास प्रत्येक कायदा सांगतो.

इथे कट्ट्यावरचे सुभेदार मध्ये पडले. हे खरे सुभेदार, फौजेतून निवृत्त, आणि कट्ट्यावर बंदूक चालवलेले एकमेव. त्यामुळे त्यांचं मत शेवटी विचारात घेतलं जाई.

“थ्री नॉट थ्री. बाकी सगळे लाड.”

“कुठली गोळी पण? फौजेची की पसरणारी?” मामांनी वही उघडली. “इंग्लंडात हरणाला टोकाशी मऊ किंवा पोकळ, म्हणजे लागल्यावर पसरणारीच गोळी लागते. आणि तीच गोळी युद्धात वापरायला १८९९ च्या हेगच्या परिषदेत बंदी आली. का? तर आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी ती तयार केली होती, म्हणून ‘दमदम’ गोळी जगभर बदनाम झाली.”

“म्हणजे,” सुभेदार सावकाश म्हणाले, “माणसाला जी मारायची नाही ती हरणाला मारलीच पाहिजे?”

“दोन्ही दयेपोटी.”

कट्टा थोडा वेळ गप्प बसला. मग मोरवाले म्हणाले, “मला वाटतं, आवाजानेच पळत असतील.”

मामांचं ध्येय एव्हाना वाढलं होतं. सगळ्या देशांत चालेल अशी एकच रायफल त्यांना हवी होती, म्हणजे पुढेमागे भाच्याची बदली झाली तरी घोळ नको. .२४३ विंचेस्टर इंग्लंडमध्ये तीन सहस्रांश इंचाने, म्हणजे पस्तीस टक्के मिळवून सुटणाऱ्या पोरासारखी, पास झाली. पण जर्मनीत साडेसहा मिलिमीटरला नापास. कट्ट्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी साडेसहाची क्रीडमूर सुचवली. मामांनी चौकशी केली, तर तिचा जन्म २००७ चा. “नवीन आहे. जरा टिकते का बघू,” ते म्हणाले. शेवटी लाल शाईने दोन रेघा ओढून निकाल लिहिला: .३०८ विंचेस्टर, सन १९५२. मामांपेक्षा एका वर्षाने मोठी, त्यामुळे विश्वासार्ह.

त्याच रात्री फोन लावला. मावसभावाने सगळं ऐकून घेतलं. दमदम ऐकली, जर्मनी ऐकली, तोळा ऐकला. मग म्हणाला, “मामा, इथे न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला रायफल चालतच नाही.”

“म्हणजे?”

“वस्ती दाट आहे ना. रायफलची गोळी लांब जाते. इथे शॉटगन, नाहीतर ठासणीची बंदूक, नाहीतर धनुष्यबाण.”

“धनुष्यबाण?”

“हो.”

“अमेरिकेत?”

“हो, मामा.”

ठासणीची बंदूक! मामांच्या कोकणातल्या आजोबांच्या पडवीत जी होती, आणि जिच्यात नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छरे कोंबताना आजोबा रानडुकराला निघून जायला भरपूर वेळ देत, ती आता महासत्तेच्या कायद्यात मानाने बसलेली होती. शिवाय आधी शिक्षणवर्ग, मग परीक्षा, मग परवाना. आणि बंदूक घेऊन जाताना पूर्ण केशरी टोपी, नाहीतर अंगावर निदान दोनशे चौरस इंच झगझगीत केशरी कापड.

“इतकं केशरी घातलं तर हरणं पळणार नाहीत का?” मामींनी विचारलं.

“हरणांना केशरी आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, मामी. ते माणसांसाठी आहे. चुकून एकमेकांना गोळी लागू नये म्हणून.”

“मग तू घरीच बस,” मामी म्हणाल्या, आणि अमेरिकेतल्या शिकारीचा विषय तिथे संपला. मामांनी पेनसिल्व्हेनियाचा पर्याय अजून एक आठवडा जिवंत ठेवला होता. तिथे रायफल चालते, पण हरणाला अर्धस्वयंचलित चालत नाही. शिवाय कित्येक दशकं तिथे रविवारी हरणाची शिकारच बंद होती, आणि २०१९ साली कायदा बदलला तेव्हा कुठे वर्षातले तीन रविवार मोकळे झाले. मावसभावाने मात्र दुकानातून हरणं पळवायचा फवारा आणला. त्यात मुख्य घटक कुजवलेली अंडी. हरणं खरोखर येईनाशी झाली. संकष्टीच्या दिवशी परसात जायला मावसभावाची बायकोही तयार होईना.

इथे कुणीही वही मिटली असती. मामांना ते अपमानास्पद वाटलं. “परदेशाचं सोड,” ते लेखकाला म्हणाले. “आपल्याकडे कायद्याने काय चालतं? गाडी काढ.”

लेखकाचा बंदुकीचा अनुभव जत्रेतले फुगे फोडण्यापुरता. त्यातही फुगेवाल्याने त्याला एकदा ‘साहेब, फुग्याकडे बघा’ असं सुचवलं होतं. स्कूटर त्याची असल्यामुळे त्याला जावं लागलं. कॅम्पच्या बाजूला बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. मामांनी आत पाऊल टाकताच स्वच्छ आवाजात सांगितलं, “हरणासाठी रायफल बघायची होती.”

दुकानदाराने चहाचा कप खाली ठेवला. आधी दाराकडे बघितलं, मग या दोघांकडे.

“साहेब, कुठल्या खात्यातून आलात?”

“निवृत्त आहे. खडकी.”

या उत्तराने त्याचा संशय पक्का झाला. “फक्त माहितीसाठी,” लेखकाने घाईने सांगितलं. “सगळे माहितीसाठीच येतात,” दुकानदार म्हणाला. पण पाच मिनिटांत त्याची खात्री पटली, की इतक्या मोठ्याने कुणी गुन्ह्याची चौकशी करत नाही, आणि मग तो खुलला.

फौजेची गोळी नागरिकाच्या रायफलीत बसू नये, ही आपल्याकडची जुनी काळजी. १९०७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली, कारण चोरीला गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या. आता वाघ-गवे मारायला आलेल्या साहेबांची पंचाईत. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं काढली. जनावर तेच, साहेब तोच, फक्त भोक जरा मोठं. हत्तींना यातला फरक कळल्याचं कुठे नोंदलेलं नाही. थ्री नॉट थ्रीही फौजेची, म्हणून निषिद्ध. तिच्या जागी नागरिकांसाठी आली .३१५. बंगालच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल आजही परवानाधारकांत ओळखीची आहे.

“स्पोर्टिंग म्हणजे कुठला खेळ?” मामांनी विचारलं.

“तेवढं विचारू नका.”

विनापरवाना काय मिळेल? छऱ्याची एअरगन. साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि वीस ज्यूलच्या आतली असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मामांनी तिथेच गणित केलं: इंग्लंडच्या हरणाला १,७०० फूट-पाउंड, म्हणजे २,३०० ज्यूलच्या वर. एअरगन शंभराव्या हिश्श्यालाही पुरत नाही. “म्हणजे एकाच हरणावर एकशे सोळा वेळा,” मामा पुटपुटले. दुकानदाराने पुन्हा दाराकडे बघितलं.

परवान्याची माहिती तर मनोहर होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याला अजून शेतकऱ्याची आठवण आहे: पीक राखायला ठासणीची बंदूक, ती पुरत नसेल तर साध्या नळीची. नेमबाजीच्या क्लबचा सभासद असाल तर पॉइंट टू-टू. अर्जात कारण लिहावं लागतं. मामांनी ‘कुतूहल’ चालेल का विचारलं. डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण, पोलिसांची चौकशी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवाना पाच वर्षांचा. आणि निवडणूक लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. २०२४ मध्ये लोकसभा झाली, मग विधानसभा.

“मग ती घरी कधी असते?”

“अधूनमधून येते,” दुकानदार म्हणाला. “माहेरी.”

हे सगळं कट्ट्यावर सांगितल्यावर आजवर शेंगदाणे खात बसलेल्या वकीलसाहेबांनी पुडी खिशात ठेवली. “परवाना बंदुकीचा मिळेल हो. हरणाचा कोण देतंय?”

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांनी शांतपणे उलगडला. शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, विष घालणं, त्यासाठी हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, ही सगळी शिकारच. मोरवाले इथे उठून पाणी प्यायला गेले. हत्यार, सापळा आणि गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा. लेखकाने स्कूटरकडे बघितलं; तिचे हप्ते अजून चालू आहेत.

“सलमान खानचंच घ्या,” बँक मॅनेजर म्हणाले. “हरीण मारलं १९९८ ला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली २०१८ ला. अपील केलं म्हणा त्याने.”

“काळवीट!” मामा कडाडले. “हरीण नव्हे. हरणाची शिंगं फाटे फुटलेली असतात, दर वर्षी गळतात, पुन्हा येतात. सांबर, चितळ, भेकर ही हरणं. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगं कायमची. ते कुरंग.”

“कोर्टात हा मुद्दा कुणी काढला नाही वाटतं,” वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनीच मामांच्या हातात एक रत्न दिलं. मूळ १९७२ च्या कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती. सांबर, चितळ, भेकर ‘मोठ्या शिकारी’च्या यादीत होते. आणि कलम सतरा सांगत होतं, की मोठी शिकार रायफलनेच करायची. शॉटगन हवी तर परवान्यात तसं खास लिहून घ्यायचं, आणि तीही एकच भरीव गोळी घालून. गाडीतून नाही, रात्री नाही, झोतात नाही, पाणवठ्यावर नाही.

मामा उभेच राहिले. “म्हणजे उत्तर होतं! आपल्याच कायद्यात होतं!”

“होतं. १९९१ च्या दुरुस्तीने ती सगळी कलमं गेली. परवानेच बंद. दुरुस्ती अमलात आली २ ऑक्टोबरला.”

“गांधी जयंतीला?”

“ड्राय डेला,” सुभेदार म्हणाले.

हा धक्का पचवायला मामांनी वकीलसाहेबांना घरी चहाला बोलावलं, ते अंगाशी आलं. दिवाणखान्यात शिरताच वकीलसाहेबांची नजर भिंतीवर गेली. तिथे मामांच्या वडिलांकडून आलेली सांबराची शिंगं आहेत. डाव्या फाट्यावर छत्री, उजव्यावर मामांची माकडटोपी, मधल्यावर दुधाची पिशवी.

“याचं प्रमाणपत्र आहे ना?”

“कसलं?”

“मालकीचं. २००३ साली जाहीर करायची मुदत दिली होती सरकारने. शिंग गळून पडलेलं असलं तरी ते असंच खुंटीला लावता येत नाही.”

मामी दुधाची पिशवी काढून घ्यायला धावल्या. पुरावा नष्ट होईल म्हणून वकीलसाहेबांनी त्यांना अडवलं. मग कपाटं उघडली. विमा पॉलिसी निघाल्या, १९८३ ची विजेची बिलं निघाली, फॅक्टरीच्या कँटीनची कुपनं निघाली. दिवेलागण झाली तरी प्रमाणपत्र नाही. मामांनी अटकेच्या वेळी कोणता शर्ट घालावा याचा विचार सुरू केला, तेवढ्यात मामींनी एक जाड फाईल पुढे केली. मिक्सरची. ‘पाती: पोलादाचा दर्जा’ या प्रकरणात, वनखात्याचा शिक्का असलेला कागद घडी घालून ठेवलेला होता. कुणी ठेवला यावर त्या घरात अजून एकमत नाही.

इतकं झाल्यावर मामा थांबले असते, पण मामींच्या भावाचं शेत सुप्याजवळ, बारामती तालुक्यात आहे. तिथेच मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली झालं, जेमतेम पाचेक चौरस किलोमीटर, आणि चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. चिंकाऱ्यांना हद्दीचा नकाशा कुणी दिलेला नसल्याने ते शेतांतही जातात. त्यांच्यामागून रानडुकरं जातात, आणि ती काही शोभेची नाहीत. मामांचं म्हणणं, की पीक राखणं हे तर कायद्यातलं अधिकृत कारण. वही घेऊन ते रविवारी सुप्याला पोचले.

बांधावर बसून त्यांनी मेहुण्याला सगळं समजावलं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर बंदुकीच्या परवान्याची वनखात्यात नोंद करावी लागते. नवीन परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती. रानडुक्कर पिकाची नासाडी करत असेल, तर त्याला मारायची लेखी परवानगी वेगळी काढायची. चिंकाऱ्याचा तर विचारही करायचा नाही, तो पहिल्या परिशिष्टात. शिवाय तो हरीण नाही, कुरंग आहे.

“हरबरा खाताना ते सांगत न्हाई, दाजी,” मेहुणा म्हणाला.

“मग तुला कोणती सोयीची? ठासणीची की बारा बोअर?”

“डुक्कर येतंय रात्री दोनला. मी ठासत बसू का तवा?” त्याने तंबाखू मळली. “बंदूक ऱ्हाऊ द्या. ताईकडं जुन्या साड्या हायेत का?”

मामांना ऐकू आलं ते बरोबरच होतं. बांधाच्या कडेने, काठ्यांना बांधून, गुलाबी, पोपटी, जांभळ्या साड्या वाऱ्यावर फडफडत होत्या. आसपासच्या शेतांतही तेच. साडी हलते, माणसाचा वास येतो, कोणीतरी उभं आहे असं जनावराला वाटतं. आठ-पंधरा दिवस बिचकतात, मग सरावतात. मग साड्यांची जागा बदलायची. पंचनाम्याचा अर्ज, नुकसानभरपाई, ते सगळं आहेच. पण साडीला परवाना लागत नाही.

परतताना मामा स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत. दिवे घाटात त्यांनी लेखकाच्या पाठीवर वही टेकवून काहीतरी लिहायला घेतलं. घरी आल्यावर ते वाचायला मिळालं. एक एकराचा चौकोनी तुकडा, घेर ८३५ फूट. नऊवारी सत्तावीस फूट, म्हणजे एकतीस लुगडी. सहावारी अठरा फूट, म्हणजे सत्तेचाळीस. पुढचा रकाना रंगाचा. केशरी बाद, कारण न्यू जर्सीच्या दाखल्यावरून ते जनावराला कळत नाही; निळ्याला अनुकूल. त्यापुढे ‘सुती की पॉलिस्टर: फडफडीचा वेग’.

कट्ट्यावर सुभेदारांनी ऑलिव्ह ग्रीन सुचवला. बँक मॅनेजरांनी काठपदराच्या वजनाने फडफड कमी होते असं अनुभवाने सांगितलं, मात्र कोणता अनुभव ते सांगितलं नाही. मोरवाल्यांचं मत, की साडीत आवाज नाही, घुंगरू लावावेत.

“अगं,” रात्री मामांनी पेन उघडून विचारलं, “तुझ्याकडे नऊवारी एकूण किती?”

“आधी तुमची धोतरं मोजा,” आतून उत्तर आलं. “आणि ती मुंजीतली सोवळ्याचीही धरा.”

मामांनी नवा रकाना आखला.